फोन लागतो, पण आवाज येत नाही



जुनी ईपीएबीएक्स मोडीत काढायची आणि मुख्य कचेरी, शेतकी खाते, गेट ऑफिस, वजनकाटा, डिस्टिलरी व सगळी गट ऑफिसे इंटरनेटवरच्या फोनने जोडायची, असा विचार आपल्याकडे सुरू आहे. विचार चांगला आहे. त्यावर बोलणेही पुष्कळ झाले. फोनचे संच पडद्याचे घ्यावेत की साधे, चेअरमनसाहेबांच्या टेबलावरचा किती बटनांचा असावा, इथपर्यंत चर्चा गेली. परंतु हे सारे बोलणे ज्या एका डब्यातून जाणार-येणार, त्या फायरवॉलविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. काढला तो असा: "फोन नाहीच चालले तर ती फायरवॉल तेवढी बंद करून टाकू, झालं!"

या "झालं"ला आमचा विरोध आहे. तो का, हे सर्वांना समजेल अशा भाषेत मांडावे म्हणून हा लेख. विषय तांत्रिक आहे हे कबूल. पण ज्यांना रिकव्हरी, एफआरपी आणि तोडणी-वाहतुकीचा हिशेब तोंडपाठ आहे त्यांना हा विषय जड जाईल असे आम्हाला वाटत नाही.

आधी एक शंका दूर करू. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना ऑफिसला फोन हवाच कशाला? हवा, कारण मोबाइल माणसाचा असतो आणि फोन ऑफिसचा असतो. शेतकी अधिकाऱ्याची बदली झाली की त्याचा नंबर त्याच्याबरोबर जातो आणि सभासद जुन्याच नंबरला हाका मारत बसतो. दुसरे असे, की मिल बंद पडली, टर्बाइनने दगा दिला, तर गेट ऑफिसने सगळ्या गटांना त्याच क्षणी कळवावे लागते, की आता नवी तोड देऊ नका. तोडलेल्या उसाचे वजन तासातासाला घटते आणि साखरही उतरते. तो ऊस कुणाचा? तुमचा-आमचा. तेव्हा तो फोन लागला पाहिजे, आणि लागल्यावर दोन्हीकडून ऐकू आले पाहिजे. या दुसऱ्या अटीतच सगळी मेख आहे.

इंटरनेटचा फोन ज्यांनी ज्यांनी घाईघाईने बसवला, त्यांना एक अनुभव हमखास येतो. घंटी वाजते, माणूस उचलतो, आणि पुढे नुसते "हॅलो, हॅलो" सुरू होते. "अहो तात्या, बोला की!" "बोलतोयच की मी, तुम्हालाच ऐकू येईना!" एकाचे दुसऱ्याला ऐकू येते, दुसऱ्याचे पहिल्याला नाही. मग फोन बदलतात, वायर बदलतात, कधी कंपनीही बदलतात. दुखणे म्हशीला आणि औषध पखालीला! कारण दोष बहुतेक वेळा संचात नसतोच, तो गेटवर असतो.

गेट म्हणजेच फायरवॉल. आपल्या गेटवरचा वॉचमन काय करतो? आतला माणूस कामासाठी बाहेर गेला, त्याच्या बोलावण्यावरून कोणी निरोप घेऊन आला, तर त्याला सोडतो. आपण होऊन आलेल्या अनोळखी माणसाला हटकतो. फायरवॉलही हेच करते. आतल्या संगणकाने बाहेर काही मागितले तर त्याचे उत्तर आत येऊ देते. न मागता आलेले परतवते. शिवाय तिच्याकडे आणखी एक काम असते. कारखान्यात शेदोनशे यंत्रे असली तरी इंटरनेटवर कारखान्याचा पत्ता बहुधा एकच असतो. आतले पत्ते १९२.१६८ किंवा १० या आकड्यांनी सुरू होणारे, घरगुती. हे पत्ते १९९६ सालच्या ठरावाने खाजगी वापरासाठी राखून ठेवले आहेत. जगात लाखो ठिकाणी तेच ते पत्ते वापरात आहेत, म्हणून बाहेरच्या जगात त्यांना अर्थ नाही. आतून निघालेल्या प्रत्येक पाकिटावरचा घरगुती पत्ता खोडून त्या जागी कारखान्याचा बाहेरचा पत्ता लिहिणे, आणि उत्तर आले की ते ज्याचे त्याला पोचवणे, हे काम फायरवॉल करते. त्याला नॅट म्हणतात.

संकेतस्थळे पाहण्यासाठी, ई-मेलसाठी ही व्यवस्था उत्तम चालते. टेलिफोनला मात्र ती पुरत नाही, कारण टेलिफोनचे बोलणे एका वाटेने जात नाही, दोन वाटांनी जाते.

पहिली वाट ठरवाठरवीची. कोण कोणाला बोलावतो आहे, घंटी वाजली का, उचलला का, ठेवला का, एवढेच तिच्यावरून जाते. यासाठी जी पद्धत रूढ आहे तिला सिप म्हणतात; तिचे आज चालणारे मूळ प्रमाण २००२ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाले. ती साधारणपणे ५०६० क्रमांकाच्या पोर्टवर चालते आणि सांकेतिक केलेली असेल तर ५०६१ वर. पोर्ट म्हणजे बँकेतल्या खिडकीसारखे समजा; पत्ता एकच, पण खिडक्या ६५ हजारांहून जास्त. दुसरी वाट प्रत्यक्ष आवाजाची. तिला आरटीपी म्हणतात. आवाजाचे बारीक तुकडे करून, सेकंदाला ५० या वेगाने, ते पाठवले जातात. आणि ते कोणत्या खिडकीवर पाठवायचे हे आधी ठरलेले नसते! दर कॉलला नवी खिडकी. ती कोणती, हे पहिल्या वाटेवरून गेलेल्या चिठ्ठीत आत लिहिलेले असते.

आता गोम लक्षात येईल. फायरवॉलने पाकिटावरचा पत्ता बदलला, पण पाकिटाच्या आतल्या चिठ्ठीत फोनने लिहिले आहे, "माझा आवाज १९२.१६८ अमुक अमुक पत्त्यावर पाठवा." समोरच्याने पाकिटावरच्या पत्त्यावर उत्तर दिले, म्हणून घंटी वाजली. आवाज मात्र त्याने चिठ्ठीतल्या घरगुती पत्त्यावर पाठवला, म्हणजे कुठेच नाही. मुंबईहून पत्र टाकताना नुसते "मारुतीच्या देवळामागे, तिसरे घर" लिहावे तसा हा प्रकार. फोन लागतो आणि आवाज येत नाही, तो यामुळे.

यावर पहिला उपाय पुष्कळ फायरवॉलमध्ये कारखान्यातूनच, म्हणजे त्यांच्या कारखान्यातून, चालू होऊन येतो. त्याचे नाव सिप एएलजी. हा म्हणजे आवक-जावकचा अतिहुशार कारकून. पाकिटे उघडतो, चिठ्ठीतले पत्ते स्वतःच दुरुस्त करतो आणि पुन्हा पाकीट चिकटवतो. कल्पना वाईट नाही. पण चिठ्ठीचा मसुदा जरा वेगळा असला की हा पठ्ठ्या नको ते खोडतो, अर्धेच लिहितो. फोनने आपला पत्ता आधीच नीट लिहिला असेल तर तोही बिघडवतो. आणि चिठ्ठी सांकेतिक असेल तर त्याला ती वाचताच येत नाही. आमचे मत स्पष्ट आहे: फोनच्या सर्व्हरला स्वतःची व्यवस्था करता येत असेल, आणि आजच्या बहुतेक सर्व्हरना येते, तर एएलजी बंद ठेवावे. सर्व्हरला फक्त दोन गोष्टी सांगायच्या, कारखान्याचा बाहेरचा पत्ता कोणता आणि आतले घरगुती पत्ते कोणते. मग बाहेर जाणाऱ्या चिठ्ठीत तो आपण होऊन बरोबर पत्ता लिहितो. एक काम दोघांनी करायला गेले की घोळ होतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

दुसरी बाब खिडक्यांची. अॅस्टरिस्क नावाची फुकट मिळणारी टेलिफोन-प्रणाली जगभर वापरतात. तिच्या नमुन्याच्या मांडणीत आवाजासाठी १०,००० ते २०,००० अशा खिडक्या दिलेल्या असतात. ठेकेदार तोच आकडा उचलतो आणि फायरवॉलमध्ये दहा हजार खिडक्या उघडून मोकळा होतो. अहो, आपल्याला लागतात किती? एका बाजूच्या आवाजाला दोन खिडक्या, सर्व्हरमधून दोघांचे बोलणे जाते म्हणून एका कॉलला चार. ऐन हंगामात एका वेळी ४० कॉल चालले असे धरले तरी १६० झाल्या. चारशे ठेवा, सढळ हाताने ठेवा, पण दहा हजार कशासाठी? मात्र हा आकडा दोन्हीकडे सारखाच हवा, सर्व्हरमध्येही आणि फायरवॉलमध्येही. एकीकडे कमी केला आणि दुसरीकडे विसरला, तर काही कॉल चांगले होतात आणि काही मुके निघतात, आणि असला अधूनमधूनचा रोग शोधताना भल्याभल्यांची दमछाक होते.

आता तिसरे, आणि आमच्या मते सर्वांत फसवे. फायरवॉलवरचा वॉचमन, कोण कशासाठी बाहेर गेले याची नोंद कायम ठेवत नाही. ज्या पद्धतीने हे फोन बहुधा बोलतात तिला यूडीपी म्हणतात. तीत बोलणे संपल्याची खूण नसते, त्यामुळे काही वेळ हालचाल दिसली नाही की नोंद पुसली जाते. ही मुदत निदान दोन मिनिटे असावी आणि पाच किंवा त्याहून जास्त असणे बरे, असे २००७ च्या एका प्रमाणात सांगितलेले आहे. पण ३० सेकंदांत नोंद पुसणारी यंत्रे आजही बसवलेली आढळतात. परिणाम असा, की गट ऑफिसातून आपण फोन केला तर लागतो. गेट ऑफिसने गटाला केला तर कधी लागतो, कधी "उपलब्ध नाही" म्हणतो. सकाळी तपासायला माणूस येतो, स्वतः एक कॉल करतो, लगेच परतीचा कॉल करवतो, दोन्ही लागतात, आणि "चालतंय की!" म्हणून निघून जातो. अर्ध्या तासाने परत तेच. उपाय सोपा आहे. फोनने दर वीस-पंचवीस सेकंदांनी एक छोटीशी हाक सर्व्हरला देत राहावी, म्हणजे नोंद जिवंत राहते. आणि फायरवॉलमधली यूडीपीची मुदतही वाढवावी.

याच जातीची एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. बोलणे नीट सुरू होते आणि घड्याळ लावून ३२ सेकंदांनी तुटते. याचे कारण ठरलेले असते. ज्याने फोन उचलला तो "उचलला" असे कळवतो आणि त्यावर समोरच्याची पोच मागतो. ती पोच गेटवर अडकली तर तो ३२ सेकंद वाट पाहून फोन ठेवून देतो. पंधरा किंवा तीस मिनिटांनी कॉल तुटत असेल तर बहुधा चालू कॉलची मधली उजळणी अडते आहे. सभासदाने तक्रार करताना "फोन खराब आहे" एवढेच न लिहिता किती वेळाने तुटला हे लिहिले, तर दुरुस्ती करणाऱ्याचे अर्धे काम होईल. तक्रारवहीत तसा एक रकानाच आखावा.

इथे कोणी विचारील, "व्हॉट्सअॅपचा कॉल तर कुठल्याही वायफायवर चालतो, त्याला कुठे काही करावं लागतं?" प्रश्न रास्त आहे. त्या कंपन्यांनी आपल्या अॅपमध्येच युक्ती बसवली आहे. अॅप आधी बाहेरच्या सर्व्हरला विचारते, "मी तुला कोणत्या पत्त्यावरून दिसतो?" आणि तोच पत्ता चिठ्ठीत लिहिते, सरळ वाट सापडलीच नाही तर दोघांचा आवाज कंपनीच्या मधल्या सर्व्हरवरून फिरवते. युक्ती चांगली आहे आणि ती ऑफिसच्या फोनलाही लावता येते. पण आपल्या कारखान्याचे बोलणे कोणाच्या मधल्या सर्व्हरवरून फिरावे की आपल्याच दोन ऑफिसांत राहावे, हा धोरणाचा प्रश्न आहे, आणि धोरणाचा प्रश्न अॅपवर सोडू नये.

असो. आता आमच्या विरोधाच्या मूळ कारणाकडे येतो.

फोन चालत नाहीत म्हणून फायरवॉल बंद केली, किंवा ५०६० ची खिडकी साऱ्या जगाला उघडी टाकली, तर फोन चालतील, यात वाद नाही. गेट काढून टाकले तर गाड्यांची रांगही राहणार नाही! पण इंटरनेटवर रात्रंदिवस फिरणारी चोरांची यंत्रे आहेत. ती प्रत्येक पत्त्यावर ५०६० ची खिडकी वाजवून पाहतात. सिपव्हिशियस नावाचे साधन मुळात तपासणीसाठी लिहिले गेले. तेच चोरांच्याही हाती आहे. खिडकी उघडी सापडली की ते १०१, १०२, १०३ असे अंतर्गत नंबर चाचपतात आणि त्यांचे पासवर्ड ओळखू पाहतात. आपल्याकडे १०१ चा पासवर्ड १०१ ठेवण्याची प्रथा आहे, हे सांगायला कुठल्या ज्योतिषाची गरज नाही. एकदा शिरकाव झाला की ते आपल्या सर्व्हरवरून परदेशातल्या महागड्या नंबरांवर कॉल लावतात. त्या नंबरांवर येणाऱ्या पैशात त्यांचा वाटा असतो. हे काम होते रात्री, रविवारी, दिवाळीच्या सुट्टीत, जेव्हा कचेरीत कोणी नसते. सोमवारी साहेब येतात, फोन व्यवस्थित चालू असतात, आणि महिन्याच्या शेवटी बिल येते. ते बिल कंपनी माफ करीलच असे नाही, कारण कॉल आपल्याच खात्यावरून गेलेले असतात. पैसे शेवटी सभासदांच्या उसातूनच जाणार.

पैशाचेही एक वेळ सोडा. त्याच नेटवर्कवर वजनकाट्याचा संगणक आहे, उसाच्या नोंदी आहेत, सभासदांची बँक खाती आहेत. फोनसाठी उघडलेल्या दारातून आत आलेला माणूस फोनपाशीच थांबेल असे कुठे आहे? म्हणून फोनचे जाळे आणि काट्याचे जाळे वेगळे पाहिजे. वायर तीच राहिली तरी चालते. स्विचमध्येच दोन वेगळे भाग पाडता येतात, त्याला व्हीलॅन म्हणतात. आणि त्या दोन भागांमध्ये सुद्धा गेट असावे. काट्याच्या बाबतीत सभासद किती संवेदनशील आहेत हे संचालक मंडळाला आम्ही काय सांगावे!

मग दार उघडायचे तरी किती? आमचे म्हणणे असे, की जगाला दार उघडण्याची आपल्याला गरजच नाही. आपल्याला बोलायचे आहे दोघांशी. एक, ज्या परवानाधारक कंपनीकडून आपण बाहेरच्या फोनची लाइन घेणार ती कंपनी. दुसरी, आपली गट ऑफिसे. तिसऱ्या कोणाचे नाव गेटवरच्या वहीत लागत नाही.

कंपनीचे काम सोपे आहे. तिच्या सर्व्हरचे पत्ते ठरलेले असतात. ते लेखी मागून घ्यावेत आणि फायरवॉलमध्ये ५०६० व आवाजाच्या खिडक्या फक्त त्या पत्त्यांसाठी उघडाव्यात. परदेशी कॉलची आपल्याला गरज नसेल तर ते कंपनीकडेच बंद करून घ्यावेत, आपल्या सर्व्हरवर नव्हे. कारण सर्व्हर चोराच्या हाती गेला तर त्यावरचे कुलूपही त्याच्याच हाती जाते. परवान्याचा मुद्दाही मोघम ठेवू नये. आपल्या देशात इंटरनेट टेलिफोनीला १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली ती मर्यादित. इंटरनेटवरून देशातल्या साध्या फोनला आणि मोबाइलला जोडून देण्याची मोकळीक परवानाधारक कंपन्यांना २०१८ साली मिळाली. तेव्हा कोणी "स्वस्तात लाइन देतो" म्हणून आला तर आधी त्याचा परवाना पाहावा.

गट ऑफिसांची गोष्ट जरा वेगळी. तिथे घरगुती ब्रॉडबँड किंवा मोबाइलच्या सिमवर चालणारा राउटर असतो. त्यांना पुष्कळदा इंटरनेटवर स्वतःचा पत्ताच नसतो. कंपनी शेकडो गिऱ्हाइकांना एका पत्त्यामागे बसवते. त्यामुळे तिथे बाहेरून आत दार उघडायचे म्हटले तरी उघडता येत नाही. यावर उत्तम तोडगा म्हणजे व्हीपीएन. गटातला राउटर आपण होऊन मुख्य कचेरीच्या फायरवॉलशी एक बंदिस्त बोगदा बांधतो आणि फोनचे सगळे बोलणे, ठरवाठरवी आणि आवाज दोन्ही, त्या बोगद्यातून जाते. बोगद्याच्या दोन्ही टोकांना घरगुती पत्तेच चालतात, म्हणून चिठ्ठीतल्या पत्त्याचे दुखणे मुळातच नाहीसे होते. साऱ्या जगासमोर उघडी राहते ती फक्त बोगद्याची एक खिडकी, आणि किल्ली नसलेल्याला ती उत्तरही देत नाही. वायरगार्ड नावाची अशी प्रणाली २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आली आहे, तिला परवाना शुल्क नाही. आमच्या माहितीतले जाणकार हिच्याच बाजूने बोलतात, आणि आम्हीही.

बोगद्याला थोडी किंमत पडते. नेहमीच्या पद्धतीने एका कॉलला जाताना ८० किलोबिट आणि येताना ८० किलोबिट लागतात; बोगद्यातून गेल्यास हा आकडा १०५ च्या आसपास जातो. गटात दोन फोन असतील तर यात विशेष काही नाही. मुख्य कचेरीत एका वेळी ४० कॉल धरले तर चार मेगाबिटांच्या वर गेले. आजच्या लाइनीला हेही भारी नाही. पण अपलोडचा वेग पाहावा, जाहिरातीतला डाउनलोडचा नव्हे! तेवढ्यात हिशेब खात्याने मोठी फाइल चढवायला घेतली की आवाज तुटायला लागतो. म्हणून फायरवॉलमध्ये आवाजाच्या पाकिटांना पहिला नंबर द्यावा. रांगेत बैलगाडीला आणि ट्रकला आपण वेगळे नंबर देतो ना, तसेच. एका बाजूचा आवाज दुसऱ्या बाजूला १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला तर बोलणे सहज वाटते, असे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. त्याहून उशीर झाला की दोघे एकदम बोलतात आणि दोघे एकदम थांबतात.

हे सगळे नवीन आहे, आपल्या आवाक्याबाहेरचे आहे, असे कोणी म्हणू नये. १९९८ साली वारणा खोऱ्यात साखर कारखान्याच्या आधाराने सुमारे ७० गावे संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प उभा राहिला, तेव्हा खेड्यात साधा फोन मिळण्याची मारामार होती. सहकाराने ते तेव्हा केले. आता तर साहित्य बाजारात पडून आहे.

फायरवॉल कशी बसवावी याइतकाच ती कोणाच्या ताब्यात असावी हाही प्रश्न आहे, आणि इथे आम्ही जरा कडक बोलणार आहोत. पुष्कळ ठिकाणी फायरवॉलचा पासवर्ड ठेकेदाराच्या मुलाच्या मोबाइलमध्ये असतो. देखभाल करार संपला, वाद झाला, की कारखाना स्वतःच्याच गेटबाहेर उभा. तिजोरीच्या किल्ल्या आपण दुसऱ्याकडे ठेवतो का? टेंडरमध्येच लिहावे, की मुख्य पासवर्ड बंद पाकिटात कार्यकारी संचालकांकडे राहील. कोणती खिडकी, कोणत्या पत्त्यासाठी, का उघडली आणि कोणी मंजूर केली, हे मराठीत एका रजिस्टरला नोंदले जाईल. आणि वर्षातून एकदा, हंगाम संपल्यावर, ते रजिस्टर समोर ठेवून प्रत्येक नियम तपासला जाईल. "तात्पुरती उघडली" म्हणून उघडलेली खिडकी पाच वर्षे उघडी राहते, हा सगळीकडचा अनुभव आहे. ठेकेदाराला दुरून दुरुस्ती करायची असेल तर जरूर करावी, पण त्याच बोगद्यातून, त्याच्या वेगळ्या किल्लीने, आणि काम संपल्यावर ती किल्ली बंद.

आपल्या संगणक विभागातल्या दोन मुलांना हे शिकवून तयार करावे. खर्च फार नाही. मुले हुशार आहेत. आज त्यांना प्रिंटरचे कागद अडकले की बोलावतात, एवढाच काय तो त्यांचा उपयोग चालला आहे.

शेवटी ताबा घेण्याविषयी. ठेकेदाराचे अखेरचे बिल काढण्यापूर्वी चाचणी कारखान्याने स्वतः घ्यावी. सर्वांत लांबच्या गट ऑफिसातून गेट ऑफिसला फोन लावून ३५ मिनिटे चालू ठेवावा. दोन्हीकडून ऐकू येते का, मध्ये तुटतो का, पाहावे. फोनला एक तास हात न लावता मग बाहेरून त्यावर कॉल करावा. दहा कॉल एकाच वेळी लावून प्रत्येकावर बोलून पाहावे. बाहेरच्या एखाद्या जाणकाराकडून, लेखी परवानगी देऊन, इंटरनेटच्या बाजूने कारखान्याच्या पत्त्यावरच्या खिडक्या वाजवून घ्याव्यात. कंपनीखेरीज कोणालाही ५०६० ने उत्तर देता कामा नये. आणि एकदा गट ऑफिसची वीज घालवून परत आणावी. जुन्या टेलिफोनला वायरीतूनच वीज यायची, म्हणून लोडशेडिंगमध्येही तो चालायचा. नव्याला राउटरसकट यूपीएस लागतो, आणि वीज आल्यावर बोगदा कोणी हात न लावता पुन्हा बांधला गेला पाहिजे. या पाच चाचण्यांवर शेतकी अधिकारी, संगणक विभाग आणि ठेकेदार अशा तिघांच्या सह्या घ्याव्यात आणि हे काम बॉयलर अग्निप्रदीपनाच्या निदान महिनाभर आधी उरकावे. एकदा मोळी पडली की फायरवॉलकडे बघायला कोणालाच सवड मिळत नाही.